जपमाळ, जपचक्र आणि कवड्या : हिमालयापलीकडील मोजणीचीं गुप्त साधनें

वस्तु लपविण्याचे मार्ग दोन आहेत. कोणाची दृष्टि जाणार नाहीं अशा जागीं ती ठेवावी, हा एक. आणि सर्वांची दृष्टि रोज जिच्यावर पडते परंतु जिचा विचार कोणी करीत नाहीं अशा वस्तूच्या पोटांत ती ठेवावी, हा दुसरा. तळघर, भुयार, भिंतींतील बळद, अंगणांत पुरलेला हंडा हे पहिल्या मार्गाचे प्रकार होत, आणि त्यांविषयीं आपल्या इकडे दंतकथांचा तुटवडा मुळींच नाहीं. दुसऱ्या मार्गाकडे त्या मानानें लक्ष कमी गेलें आहे. वरून काठी दिसावी व आंत पातें असावें अशी गुप्ती या वर्गांतली. आणि आग्र्याचे मिठाईचे पेटारेहि याच वर्गांतले. १६६६ च्या ऑगस्टांत शिवाजीमहाराज स्वतः पेटाऱ्यांत बसले कीं वेष पालटून निघाले, या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. पेटारे रोज बाहेर जात होते, ते उघडून पाहण्याचा पहारेकऱ्यांस कंटाळा आला होता, आणि त्या कंटाळ्याच्या आड सुटकेची वाट होती, एवढें आमच्या प्रस्तुत विषयास पुरे आहे.

या प्रसंगास दोनशें वर्षें पुरीं होण्यास कांहीं महिने उरले असतां, १८६६ च्या जानेवारींत, कुमाऊं प्रांतांतील एक शाळामास्तर हातांत जपमाळ व जपचक्र घेऊन ल्हासा शहरांत शिरला. त्याच्याजवळ जडजवाहीर नव्हतें. त्यानें जें लपवून मिळविलें व लपवून परत नेलें तें म्हणजे आंकडे : पावलांचे, ताऱ्यांच्या उंचीचे आणि पाण्याच्या उकळण्याचे. परंतु ते आंकडे उघडे पडते तर त्याचें मस्तक धडावर राहतें ना. यात्रेकरूच्या नित्याच्या वस्तु या कामीं कशा योजिल्या गेल्या, त्या कां फसल्या नाहींत, आणि या युक्तीची किंमत शेवटीं कोणीं दिली, याचा विचार आम्ही या लेखांत करीत आहों.

हिंदुस्थान आणि तिबेट यांमधील वाट पूर्वी आपल्या लोकांस परकी नव्हती. गोसाव्यांचे मठ त्या वाटेनें व्यापार करीत; १७७४ सालीं वॉरन हेस्टिंग्जनें जॉर्ज बोगल यास ताशील्हुन्पोच्या लामाकडे पाठविलें तेव्हां पूरणगीर नांवाचा गोसावी त्याच्या सोबतीस होता. पुढें १७९२ च्या नेपाळ-चीन युद्धानंतर चिनी अधिकाऱ्यांनीं नाकीं आवळलीं आणि युरोपीय मनुष्यास तर ही वाट बहुतेक बंदच झाली. इकडे कर्नल लॅम्बटन यानें १८०२ सालीं मद्रासेस आरंभिलेली त्रिकोणमितीची मोजणी उत्तरेस सरकत होती. (हा लॅम्बटन हैदराबादेहून नागपुरास जातांना १८२३ त हिंगणघाटास वारला, त्याची कबर तेथेंच आहे. या खात्याचा महाराष्ट्राशीं असलेला हा ऋणानुबंध फारच थोड्यांस ठाऊक असतो.) १८६० च्या सुमारास मोजणीच्या सांखळीनें हिमालयाचा कणा गांठला. शिखरांच्या उंच्या दुर्बिणींतून काढतां येत होत्या. परंतु शिखरांच्या पलीकडे नद्या कोणत्या दिशेनें वाहतात, गांवें कोठें आहेत, ल्हासा शहर नकाशावर नक्की कोठें मांडावें, हें सांगणारा कोणी नव्हता. पलीकडे जाण्याचा धोका काय असतो तें ॲडॉल्फ श्लागिन्टवाइट या जर्मन प्रवाशाच्या मरणानें दिसून आलें होतें. १८५७ सालीं काशगर येथें त्याचा शिरच्छेद झाला.

काश्मीरच्या मोजणीवर असलेला कॅप्टन टॉमस माँटगोमरी हा मोठा चाणाक्ष मनुष्य. ‘के-२’ हें नांव जगास देणारा तो हाच. लडाखांत असतां त्यानें पाहिलें कीं, आपणांस जेथें पाऊल टाकतां येत नाहीं तेथें हिंदी व्यापारी व यात्रेकरू खुशाल जा-ये करितात. मग त्यांपैकींच कोणास मोजणी कां शिकवूं नये? १८६२ सालीं त्यानें ही सूचना पुढें मांडली, आणि दुसऱ्याच वर्षीं अब्दुल हमीद नांवाच्या मुनशीस यार्कंदकडे रवाना केलें. मुनशी यार्कंदास पोहोंचला, त्यानें त्या शहराचें स्थान काढलें, आणि परतीच्या वाटेवर तो मरण पावला. कागद मात्र हातीं आले. माणूस गेला तरी कागद येतात, हा या प्रयोगाचा पहिला धडा होता, आणि खात्यानें तो नीट ध्यानांत ठेविला असें पुढील हकीकतीवरून दिसतें.

तिबेटाकरितां जीं माणसें निवडलीं तीं कुमाऊंच्या जोहार खोऱ्यांतील मिलम गांवचीं. हे भोटिया व्यापारी पिढ्यान्पिढ्या घाट ओलांडून तिबेटांत मीठ, लोंकर व धान्य यांचा सौदा करीत. भाषा व चालीरीती त्यांच्या अंगवळणीं पडलेल्या. नैनसिंग रावत हा १८३० सालचा जन्मलेला, श्लागिन्टवाइट बंधूंच्या नोकरींत राहिलेला, पुढें गांवच्या शाळेवर शिक्षक झालेला, म्हणून त्यास ‘पंडित’ म्हणत. त्या एका शब्दावरून पुढें या सर्व गुप्त मोजणीदारांस ‘पंडित’ हेंच नांव पडलें. कुमाऊंचा शिक्षणाधिकारी एडमंड स्मिथ याच्या शिफारशीवरून १८६३ सालीं नैनसिंग व त्याचा चुलतभाऊ मानसिंग यांस डेहराडूनला आणून शिक्षण देण्यांत आलें. सेक्स्टंट कसा धरावा, तारे कसे ओळखावे, होकायंत्रावरून दिशा कशी घ्यावी, हें तर त्यांस शिकविलेंच. परंतु सर्वांत कठीण शिक्षण चालण्याचें होतें. चढ असो, उतार असो, खडक असो कीं वाळू असो, पाऊल एकाच लांबीचें पडलें पाहिजे. मैलाला सुमारें दोन हजार पावलें, असा हिशेब.

आतां पावलें मोजण्यास जरीब नको, सांखळी नको. परंतु लाखों पावलें ध्यानांत कशीं ठेवावीं? येथें जपमाळ उपयोगीं आली. बौद्धांची माळ, आपल्या माळेप्रमाणेंच, १०८ मण्यांची असते. पंडिताच्या माळेंत मणि १०० च होते. नऊ मण्यांनंतर दहावा मणि मोठा. लहान मणि पोंवळ्यांसारखे दिसणारे, तांबड्या लुकणाचे बनविलेले, आणि मोठे मणि रुद्राक्षाचे. शंभर पावलें झालीं कीं एक मणि ओढावा. मोठा मणि आला म्हणजे हजार पावलें झालीं. आणि माळ एकदां फिरली म्हणजे दहा हजार, अर्थात् सुमारें पांच मैल. ही माळ डाव्या बाहींत असे.

या माळेचें चातुर्य आम्हांस असें वाटतें कीं, तींत पोकळी कोठेंच नाहीं. तिच्यांत कांहींहि लपविलेलें नव्हतें. लपविलेलें होतें तें आठ मण्यांचें उणेपण. दुसऱ्याच्या माळेचे मणि मोजण्याचा उद्योग कोण करतो? आपल्याकडे जपाची माळ गोमुखींत घालून फिरवितात. जप करणाराचा हात झांकलेला असावा, त्याच्या बोटांकडे कोणी पाहूं नये, हा संकेत आहे. पंडिताचा हात बाहींत होता व बोटें हलत होतीं, ओंठहि हलत असतील. पाहणारास त्यांत भक्तीखेरीज कांहीं दिसलें नाहीं. खरें पाहतां तीहि एक प्रकारची एकाग्रताच होती. चालतां चालतां कोणाशीं बोलावें तरी पावलांचा आंकडा सुटूं द्यावयाचा नाहीं, हा अभ्यास साध्या जपापेक्षां हलका म्हणतां येणार नाहीं. नैनसिंगानें या पहिल्या मोठ्या प्रवासांत बाराशें मैल वाट अशा रीतीनें मोजली. ती सुमारें पंचवीस लक्ष पावलांची भरते. म्हणजे त्याच्या बोटांखालून पंचवीस हजार मणि गेले.

जपचक्राची गोष्ट याहून निराळी. तिबेटी लोक ज्यास ‘मणि’ म्हणतात तें हें दांड्यावर फिरणारें धातूचें नळकांडें; त्यांत षडक्षरी मंत्र लिहिलेल्या कागदाची गुंडाळी असते व चक्राचा एक फेरा म्हणजे मंत्राचा पाठ समजला जातो. पंडिताच्या चक्राचें झांकण सहज निघे, व आंत मंत्राऐवजीं कोऱ्या कागदाच्या पट्ट्या असत. दिशा व पावलें त्यांवर टिपून पट्ट्या पुन्हां आंत जात. कांहीं चक्रांत होकायंत्रहि बसविलेलें असे. जकातीच्या नाक्यावर गांठोडीं सोडून पाहत, परंतु जपचक्रास हात लावीत नसत. शिवाय त्याचा दुसरा उपयोग माँटगोमरीनें मोठ्या समाधानानें नमूद केला आहे : वाटेंत कोणी जवळ येऊं लागला कीं पंडितानें चक्र गरगर फिरविण्यास लागावें, तें फिरविणारा ध्यानांत मग्न आहे असें समजून येणारा सभ्यपणें बाजूस होई, आणि प्रश्न टळत.

येथें वाचकांच्या मनांत जो विचार येईल तो आमच्याहि मनांत आला. काठी पोकळ करणें ही केवळ कारागिरी. परंतु देवाचा मंत्र काढून त्या जागीं सरकारी टिपण ठेवणें यांत कारागिरीहून अधिक कांहीं आहे. चक्रास कुलूप नव्हतें. त्याचें रक्षण करणारी वस्तु म्हणजे जकातदाराची श्रद्धा. इंग्रज लेखकांनीं या युक्तीचें वर्णन करतांना तिबेटी अधिकाऱ्यांच्या भोळेपणावर स्मित केल्याचें आढळतें. आम्हांस तें योग्य वाटत नाहीं. यात्रेकरूची जपाची वस्तु विचकटूं नये हा सुसंस्कृतपणा आहे, अज्ञान नव्हे. आणि आपल्या नाक्यावरील एखादा कारकून वारकऱ्याची तुळशीची माळ तोडून पाहता तर त्यास आपण शहाणा म्हटलें नसतें.

उरलेल्या साधनांचा प्रश्न अधिक अवघड होता, कारण पितळ व कांच यांस भक्तीचा वेष चढविणें सोपें नाहीं. मोठा सेक्स्टंट लांकडी पेटीच्या चोरकप्प्यांत गेला. उकळत्या पाण्याचा उष्णमापक पोकळ दंडांत राहूं शके. (जसजसें वर चढावें तसतसें पाणी कमी उष्णतेवर उकळतें, सुमारें पांचशें ते साडेपांचशें फुटांस फॅरनहाइटचा एक अंश उतरतो, व त्यावरून उंची काढतात. यात्रेकरू चहाचें आधण ठेवतो आहे यांत कोणास नवल?) खरी अडचण पाऱ्याची. समुद्रावर क्षितिज आयतें मिळतें; डोंगरांत तें मिळत नाहीं, म्हणून भांड्यांत पारा ओतून त्याच्या सपाट पृष्ठांत ताऱ्याचें प्रतिबिंब पाहावयाचें, व तारा आणि प्रतिबिंब यांमधील कोन मोजून निम्मा करावयाचा. पारा जड, चंचल, फटींतून निसटणारा. तो कोठें ठेवावा? कांहीं नारळांत भरला, आणि राखीव सांठा कवड्यांत घालून त्यांचीं तोंडें मेणानें बुजविलीं. पारा ओतण्यास तबक हवें. त्याऐवजीं प्रत्येक भोटियाच्या कमरेस पिण्याकरितां असतो तो लांकडी वाडगा नैनसिंगानें घेतला. तो खोल असल्यामुळें वाऱ्यानें पारा हालेना. खात्याच्या मूळ उपकरणापेक्षां हा वाडगा बरा ठरला असें माँटगोमरीचेंच म्हणणें आहे. डेहराडूनच्या कारखान्यांतून निघालेल्या सर्व युक्त्यांपेक्षां ही स्वयंभू योजना आम्हांस अधिक मोलाची वाटते.

दिव्याची गोष्ट मात्र फसली, आणि कशी फसली तें पाहण्यासारखें आहे. रात्रीं सेक्स्टंटवरील अंक वाचण्यास भिंगाचा कंदील दिला होता. ताडुम येथील मठांतल्या अधिकाऱ्यांनीं तो पाहिला व त्यांस तो फार आवडला. आपण तो विक्रीस आणिला आहे असें पंडित सांगून बसला होता, तेव्हां संशय टाळण्यास तो विकणें भाग पडलें. पुढें साध्या तेलाच्या वातीवर काम. वारा असला म्हणजे वात टिकेना, आणि उजेड लपविणेंहि कठीण. तेव्हां कांहीं लहान गांवीं रात्रीं ताऱ्याचा कोन धरून यंत्र तसेंच न हालवितां जपून ठेवावें व अंक दुसऱ्या दिवशीं सकाळीं वाचावे, असें त्यानें केलें. माळ, चक्र, वाडगा, कवड्या या वस्तु त्या मुलखांतल्याच असल्यामुळें टिकल्या. कंदील तेवढा बाहेरचा होता, आणि तोच गेला.

१८६५ च्या मार्चांत हे दोघे भाऊ काठमांडूस पोहोंचले. तेथून किरोंगच्या नाक्यानें आंत शिरण्याचा पहिला प्रयत्न निष्फळ झाला. नाकेदारानें सामान कसून तपासलें. पेटीचा चोरकप्पा त्यास उमगला नाहीं, परंतु माणसांची सांगितलेली हकीकत पटली नाहीं, म्हणून त्यानें त्यांस परत लाविलें. यंत्र लपतें, परंतु मनुष्याच्या येण्याचें कारण लपविण्यास चोरकप्पा नसतो. मानसिंगानें तो नाद सोडला. नैनसिंग मात्र लडाखी व्यापाऱ्याचा वेष घेऊन, शेंडीची वेणी लावून, पुन्हां निघाला. आणि ल्हाशास गेल्यास प्राणास मुकेन असें लिहून देऊन एकदांचा पलीकडे गेला. ताडुमास त्यास ल्हाशास निघालेला लडाखी तांडा भेटला. २९ ऑक्टोबरास तो शिगात्सेस पोहोंचला. तेथें तांड्याबरोबर पंचेन लामाच्या दर्शनास जाणें ओघानेंच आलें. लामा सर्वज्ञ, तो आपलें अंतःकरण वाचील, या भयानें पंडित कांपत होता. पुढें पाहतों तों अकरा वर्षांचा मुलगा, आणि त्याचे प्रश्न तीनच : तुमचा राजा कुशल आहे ना, देश भरभराटीस आहे ना, प्रकृति बरी आहे ना?

१० जानेवारी १८६६ पासून २१ एप्रिलपर्यंत तो ल्हाशांत होता. पैसे संपले तेव्हां नेपाळी व्यापाऱ्यांस हिंदी पद्धतीचे जमाखर्च शिकवून त्यानें पोट भरलें. परवान्यावांचून शहरांत आलेल्या एका चिन्याचा भर रस्त्यांत शिरच्छेद होतांना त्यानें पाहिला, आणि थोड्याच दिवसांनीं ज्यास आपण लिहून दिलें होतें तो किरोंगचा अधिकारीच त्याच्या दृष्टीस पडला. त्यानें बिऱ्हाड बदललें व बाहेर फिरणें सोडलें. परंतु ताऱ्यांचे वेध सोडले नाहींत. त्यानें काढलेले ल्हाशाचे अक्षांश २९ अंश ३९ कला; आजच्या नकाशावरहि तेच आहेत.

या मुक्कामांतील एक गोष्ट इंग्रजी ग्रंथांत एका ओळींत उरकलेली असते. आम्हांस ती सर्व प्रवासांत अत्यंत महत्त्वाची वाटते. ल्हाशांत राहणाऱ्या दोन काश्मिरी मुसलमान व्यापाऱ्यांनीं हा मनुष्य लडाखी नव्हे हें ओळखलें आणि त्याच्याकडून खरें वदवून घेतलें. एक शब्द त्यांनीं अधिकाऱ्यांस सांगितला असता तर बक्षीस त्यांचें व मस्तक पंडिताचें. त्यांनीं गुप्तता पाळली. उलट त्याचें घड्याळ गहाण ठेवून घेऊन वाटखर्चास कांहीं पैसे दिले. माळ, चक्र व चोरकप्पा सर्वांस चकवीत आले होते. जेथें ते चकवूं शकले नाहींत तेथें दोन परक्या माणसांच्या भलेपणानें मोजणी वांचविली. त्या दोघांचीं नांवें बक्षिसाच्या कोणत्याहि यादींत आलीं नाहींत.

२७ ऑक्टोबर १८६६ रोजीं नैनसिंग डेहराडूनास परतला. त्याच्या टिपणांतून त्सांगपो नदीचा मानसरोवराजवळच्या उगमापासून ल्हाशाजवळपर्यंतचा ओघ प्रथमच खात्रीनें नकाशावर आला. १८६८ त लंडनच्या भूगोल-मंडळानें त्यास सोन्याचें घड्याळ व १८७७ त सुवर्णपदक दिलें. मधल्या काळांत त्यानें थोक जालुंगच्या सोन्याच्या खाणी पाहिल्या होत्या, व १८७४-७५ त लेहपासून ल्हाशावरून आसामपर्यंत दुसरी मोठी यात्रा केली होती.

साधनांसंबंधानें दोन शब्द. वरील बहुतेक तपशील माँटगोमरीच्या वृत्तांतांतून येतो, आणि तो वृत्तांत १८६८ सालीं लंडनांत जाहीर वाचला गेला व छापलाहि गेला. हा प्रकार विलक्षण आहे. मोजणीदारांचीं नांवें खात्यानें कसोशीनें लपविलीं. नैनसिंग हा नुसता ‘पंडित’, त्याचा चुलतभाऊ किशनसिंग हा ‘ए. के.’, हरिराम हा ‘एम. एच.’, म्हणजे नांवाचें आद्य व अंत्य अक्षर उलटें करून. परंतु माळेंत मणि शंभर असतात व चक्राचें झांकण निघतें, हें मात्र त्याच कागदांत सविस्तर सांगून टाकलें. आणि तेंहि तीं माळ व चक्र घेऊन दुसरीं माणसें वाटेवर असतां! विद्वत्सभेंतील टाळ्यांचा मोह गुप्ततेपेक्षां बळकट ठरला, याहून निराळा अर्थ आम्हांस लावतां येत नाहीं. पुढें १९०१ सालीं किप्लिंगच्या ‘किम’ या कादंबरीनें असल्या हेरांस जगप्रसिद्ध केलें, व तेव्हांपासून सर्वसामान्य वाचक त्यांस कादंबरींतलींच पात्रें समजत आला. नैनसिंगानें स्वतः हिंदींत रोजनिशी लिहिली होती, हें सुदैव. उमा भट्ट व शेखर पाठक यांनीं त्याचें लेखन ‘एशिया की पीठ पर’ या ग्रंथांत २००६ सालीं प्रसिद्ध केलें. ज्याच्या हातांत माळ होती त्याचें म्हणणें त्याच्याच शब्दांत वाचण्याची सोय झाल्यावरहि आपले लेखक इंग्रजी वृत्तांताचीच री ओढतात, हें ठीक नव्हे.

किशनसिंगाची कथा येथें थोडक्यांत सांगतों. तो १८७८ त निघाला व १८८२ त परतला. ल्हाशावरून मंगोल मुलखांतून थेट चीनच्या सीमेवरील तुनहुआंगपर्यंत गेला. वाटेंत लुटारूंच्या भयानें तांड्यानें त्यास घोड्यावर बसविलें, तेव्हां त्यानें घोड्याचीं पावलें मोजलीं. परत आला तों त्याचा एकुलता मुलगा वारला होता.

आतां किंमतीचा प्रश्न. दार्जिलिंगच्या भुतिया शाळेचा मुख्याध्यापक शरच्चंद्र दास हा त्याच शाळेंतील शिक्षक उग्येन ग्यात्सो या लामास घेऊन १८७९ त व पुन्हां १८८१ त तिबेटांत गेला. दास हा विद्वान. पोथ्यांचा त्याचा लोभ खरा होता, आणि त्यानें आणिलेल्या ग्रंथांचें ऋण बौद्ध विद्येचे अभ्यासक अजून मानतात. परंतु सरकारचें कामहि तो करीत होता, व वाटेची मोजणी उग्येन करीत होता. ताशील्हुन्पोच्या सेंगचेन लामानें दासास आश्रय दिला, त्याच्यापासून पाश्चात्य विद्या शिकण्याची हौस धरिली; ग्यान्त्सेच्या फाला घराण्यानें त्याचा आदर केला. दास सुखरूप परत आला व त्यास मान मिळाले. मागाहून ल्हाशांत खरा प्रकार कळला. १८८७ सालीं सेंगचेन लामास नदींत बुडवून मारलें, व त्याच्या पुनर्जन्माची परंपरा बंद केली. फाला कुटुंबांतील नवराबायकोस जन्माची कैद झाली. पेटीस चोरकप्पा करतां येतो. यजमानास लपविण्याची कोणतीच योजना डेहराडूनास किंवा कलकत्त्यास कोणीं केली नव्हती. आणि तिबेटी अधिकाऱ्यांचें भय निराधार होतें असेंहि म्हणवत नाहीं. १९०४ सालीं यंगहजबंडची फौज ल्हाशांत शिरली, त्यापूर्वीं त्या शहराविषयीं व तेथील वाटांविषयीं इंग्रजांस जें ज्ञान होतें त्याचा मोठा भाग याच माळांवर मोजलेला होता.

शेवटचें उदाहरण किंथुपचें. हा सिक्कीमचा मनुष्य, धंद्यानें शिंपी, लिहितां-वाचतां न येणारा. त्सांगपो हीच आसामांत उतरून ब्रह्मपुत्रा होते कीं नाहीं, हा वाद मिटविण्यासाठीं कॅप्टन हार्मन यानें १८८० त एका लामाबरोबर त्यास पाठविलें. योजना अशी कीं, लांकडाचे पांचशें ओंडके तोडावे, प्रत्येकास भोंक पाडून खुणेची नळी आंत बसवावी, आणि ठरल्या काळीं रोज पन्नास याप्रमाणें दहा दिवस ते नदींत सोडावे. खालीं आसामांत पहारेकरी ते ओळखतील. नदींतून वाहत येणाऱ्या लांकडाहून साधी वस्तु कोणती? परंतु सोबतच्या लामानें किंथुपास गुलाम म्हणून विकून टाकलें व तो चालता झाला. किंथुप पळाला, मागावर असलेल्या माणसांनीं गांठलें तेव्हां मारपुंगच्या मठाधिपतीच्या पायां पडला, आणि त्या मठाधिपतीनें पन्नास रुपये भरून त्यास विकत घेतलें. काम सोडून पळून जाण्यास आतां त्यास कोणी अडविलें नसतें. त्यानें यात्रेच्या नांवानें रजा मागितली, रानांत जाऊन पांचशें ओंडके तोडले, ते एका गुहेंत लपवून ठेविले, व पुन्हां मठाच्या चाकरीस हजर झाला. पुन्हां रजा काढून ल्हाशास गेला व ओंडके अमुक दिवशीं सोडीन असें पत्र एका ओळखीच्या सिक्कीमी बाईच्या हातीं दार्जिलिंगकडे धाडलें. परत येऊन आणखी नऊ महिने चाकरी केली. मठाधिपतीस त्याची भक्ति पाहून दया आली व त्यानें त्यास मुक्त केलें. मग ठरल्याप्रमाणें पन्नास-पन्नास करून दहा दिवसांत त्यानें ते पांचशें ओंडके सोडले.

पत्र वेळेवर पोहोंचलें नव्हतें. हार्मन आजारी पडून हिंदुस्थान सोडून गेला होता, व १८८३ त फ्लॉरेन्स येथें वारला. नदीवर पहारा नव्हता. नळ्या पोटांत घेऊन ते ओंडके आसामांतून बंगालच्या उपसागराकडे गेले. किंथुप १८८४ च्या नोव्हेंबरांत दार्जिलिंगास परतला. त्यानें तोंडीं सांगितलेली हकीकत लिहून घेण्यांत आली, पण भूगोलवेत्त्यांपैकीं पुष्कळांनीं तिच्यावर विश्वास ठेविला नाहीं. १९१३ सालीं बेली व मोर्सहेड हे अधिकारी त्याच खोऱ्यांतून गेले आणि त्यानें सांगितलेल्या वाटा, गांवें व अंतरें त्यांस बहुतेक बरोबर आढळलीं. त्यानंतर त्यास शोधून सिमल्यास आणिलें. सरकारनें त्यास एक हजार रुपये दिले. थोड्याच महिन्यांत तो वारला.